दुर्बिणीएवढा ढग

मामांचं लग्न राहून गेलं. मोडलं नाही, कोणी नकार दिला नाही, प्रेमभंगासारखं सांगण्याजोगं काही घडलं नाही. बसमध्ये छत्री राहून जाते तसं राहून गेलं. आधी वडिलांचं आजारपण, मग मोजणी खात्यातल्या बदल्या, मग नवरा गेल्यावर लहान मुलीला घेऊन माहेरी आलेली थोरली बहीण. या सगळ्यातून त्यांनी मान वर केली तेव्हा पन्नाशी उलटली होती, आणि मान वर करण्याचाच त्यांना पगार मिळत होता.

‘मामा’ हे भाचीचं देणं. घरात ती हाक मारायची, ते ऐकून गल्ली मारायला लागली, आणि पुढे केंद्राच्या फाटकावरचा रखवालदारही, जो वयाने त्यांच्यापेक्षा चांगला मोठा होता.

केंद्र म्हणजे गावाबाहेरच्या टेकडीवर एक खोली आणि तिच्या डोक्यावर पांढरा घुमट. घुमटात दुर्बीण. खोलीत दोन संगणक, एक किटली, कानाला लावायचं आणि तोंडाशी धरायचं एक यंत्र, आणि एक खुर्ची. खुर्चीची चाकं काढून ठेवलेली होती, कारण फरशी उतरती असल्यामुळे ती माणसाला घेऊन आपणहून दाराकडे जायची. मामा तरुणपणी एका मोजणीदाराच्या हाताखाली होते. आधी पट्टेरी काठी धरून बांधावर उभं राहायचं काम. मग बढती मिळाली आणि दुसऱ्याने धरलेली काठी दुर्बिणीतून पाहायचं काम. त्यामुळे ‘उपकरण समपातळीत बसवता येणारा माणूस पाहिजे’ अशी केंद्राची जाहिरात आली तेव्हा त्यांनी अर्ज केला. मुलाखत घेणाऱ्यांनी फरशीवर गोटी ठेवून ती कुठे जाते ते विचारलं. मामा म्हणाले, दाराकडे. नेमणूक झाली.

वर एक उपग्रह फिरत होता. उपग्रह म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे काहीतरी अवाढव्य येतं. हा बुटांच्या खोक्याएवढा होता. फार तर उंच बुटांच्या. त्याचं काम प्रकाशाचे कण जोडीजोडीने तयार करायचे, आणि जोडीतला एक कण एका केंद्राकडे तर दुसरा खूप लांबच्या दुसऱ्या केंद्राकडे सोडायचा. हे कण एकेकटे यायचे, आणि निघालेल्यांपैकी बहुतेक वाटेतच हरवायचे. जे पोचत त्यांचं आपल्या जोडीदाराशी असं काही जमलेलं असे की इकडे मोजून जे निघेल त्याचा मेळ तिकडे बसायचाच. मोजेपर्यंत मात्र काय निघणार हे त्या कणांनाही ठाऊक नसायचं. या गोष्टीवर सुस्कारे टाकणारे शास्त्रज्ञ पुष्कळ आहेत. मामांनी सुस्कारा टाकला नाही. त्यांनी दुर्बिणीची पातळी तपासली.

अशा कणांतून दोन्हीकडे सारखीच एक आकड्यांची माळ तयार होई. तिला किल्ली म्हणायचे. बँका वगैरे जपून बोलणारी मंडळी आपले निरोप त्या किल्लीने बंद करून पाठवत. मध्ये कोणी डोकावून पाहिलं तर कण बिघडत आणि चोरी तिथल्या तिथे कळे. इतकी सुरक्षित यंत्रणा माणसाने आजवर बांधली नव्हती. खोट एकच होती. तिच्यातून काही सांगता येत नसे. जे आकडे येत ते कोणी निवडलेले नसत, त्यांना अर्थ नसे, आणि आपल्याकडून त्यात एक अक्षरही घुसवायची सोय नव्हती. दोन माणसांना जगात इतर कोणालाही माहीत नसलेलं काहीतरी मिळायचं, आणि ते काहीतरी म्हणजे काहीच नव्हतं.

सांगायचं ते साध्या लाइनीवर सांगायचं. आणि ती उघडी होती.

केंद्रांची ठिकाणं गुप्त होती, माणसांची नावंही. दोन्ही केंद्रं वेगवेगळ्या संस्थांची, आणि मध्ये तिसऱ्याच ठिकाणी नियंत्रण कक्ष. हाकेपुरती टोपणनावं ठरवायला समिती बसली. समितीपुढे त्या वेळी जे होतं त्यावरून मामांच्या केंद्राचं नाव कप पडलं, दुसऱ्याचं बशी, आणि उपग्रहाचं चमचा. इतिवृत्तात ही नावं ‘सखोल चर्चेअंती’ ठरली असं लिहिलेलं आहे.

बशीवर एक बाई होती. एवढंच मामांना माहीत होतं, तेही आवाजावरून.

लाइनीवर चार विषय बोलायची परवानगी होती: आकाश, वारा, उपकरण आणि दृश्यमानता. दृश्यमानता, म्हणजे लांबचं किती स्पष्ट दिसतंय ते, कळवण्यासाठी प्रत्येक केंद्राने दूरच्या काही पक्क्या खुणा ठरवल्या होत्या. त्या खुणा काय आहेत ते सांगायचं नाही, नुसता क्रमांक सांगायचा. ‘खूण एक स्पष्ट, खूण दोन पुसट.’ बाकी काही बोललं तर नोकरी जाणार आणि निवृत्तिवेतनही. एक जण बोलला तरी दोघांचं. लाइनीवरचं सगळं रेकॉर्ड होत होतं, आणि मध्ये नियंत्रक बसलेला असे. त्याला बारा महिने सर्दी. मामा आणि बशी दोघंही त्याला मनातल्या मनात मुकादम म्हणत, हे दोघांनाही पुष्कळ उशिरा कळलं.

पहिल्या दिवसांतली गोष्ट. अंधार पडला, चमचा क्षितिजावर आला, आणि मामांना दुर्बिणीतून काहीच दिसेना.

“कपकडे दाट ढग,” त्यांनी कळवलं.

“किती दाट?” बशीने विचारलं.

“पूर्ण काळोख.”

मग बशी म्हणाली, “कप, ढगाला गोल कड आहे का?”

मामांनी निरखून पाहिलं. “आहे.”

“झाकण काढलंत का?”

नियंत्रकाकडून एक आवाज आला. ती शिंक होती की हसू, हे आजही सांगता येणार नाही. मामा शिडी चढून दुर्बिणीच्या तोंडावरचं झाकण काढून येईपर्यंत चमचा डोक्यावरून निघून गेला होता. नियम असा की कण सोडायचं रद्द झालं तरी चमचा मावळेपर्यंत लाइन बंद करायची नाही. न जाणो, ढग सरकला तर. काही मिनिटांचा अवधी आणि करायला काही नाही.

“मीही विसरले होते एकदा,” बशी म्हणाली. “मी तर धुकं म्हणून कळवलं.”

आणि ती हसली. ते हसू कुठल्याही परवानगीच्या विषयात बसत नव्हतं, म्हणून मामांनी ते कोणाला सांगितलं नाही.

त्यानंतर एक विचित्र गोष्ट झाली. आकाश स्वच्छ असलं की दोघंही कामात असत. ‘तयार’, ‘तयार’, ‘मिळाले’, ‘मिळाले’, संपलं. ढग असले की कण सुटत नसत आणि लाइन उघडी राही. स्वच्छ आकाशासाठी पगार घेणारा हा माणूस ढगांची वाट पाहायला लागला.

बोलणं चारच विषयांत. पण माणूस अडचणीत सापडला की चार विषयांत संसारसुद्धा बसवतो.

“उपकरण कसं आहे?” बशी विचारायची.

“उपकरणाचा डावा गुडघा दुखतोय.”

“उपकरणाने शेक घ्यावा.”

“घेतला. उपकरणाची बहीण मागेच लागली होती.”

“कुठल्या उपकरणाला गुडघा आहे?” मध्येच मुकादम खेकसायचा.

“जुन्या,” बशी म्हणायची.

बाकीचं मामांनी कानांनी गोळा केलं. बशीच्या किटलीला शिट्टी होती. त्यांच्या किटलीला नव्हती, आणि हा फरक त्यांना उगाच मोठा वाटायचा. कधी लांबून जहाजाचा भोंगा यायचा, म्हणजे बंदर. तिच्याकडे अंधार जरा आधी पडायचा. म्हणजे ती पूर्वेला. तिची खुर्ची करकरायची, पण ती बोलायला लागली की नाही. म्हणजे बोलताना ती स्थिर बसत असावी. तिची खूण दोन सदान्‌कदा पुसट असायची. ही खूण दोन काय असेल यावर मामांनी जेवढा विचार केला तेवढा स्वतःच्या घरावर मजला चढवण्याबद्दलही केला नव्हता. आणि तो ताईंचा आवडता विषय होता.

घरात हे लपून राहणं शक्य नव्हतं. भाची औषधांच्या दुकानात कामाला होती आणि माणसं न बोलता काय मागतात हे ओळखायची तिला सवय झाली होती.

“मामा, इस्त्रीचा शर्ट काढू का?” एकदा दुपारी तिने विचारलं.

“कशाला?”

“आभाळ भरून आलंय.”

ताई भाजी निवडत होत्या. त्यांचे हात थांबले. “आभाळाचा आणि शर्टाचा काय संबंध गं?”

“ते मामाला विचार. लख्ख आकाश असलं की चुरगळलेला शर्ट घालून जातो. ढग आले की इस्त्री. फोनवर काय दिसतं त्याला, कोण जाणे.”

“कोण आहे रे?” ताईंनी सरळ विचारलं.

“कोणी नाही. सहकारी आहेत.”

“नाव?”

“बशी.”

“अरे, आडनाव तरी?”

“ताई, ते टोपणनाव आहे. खरं नाव गुप्त असतं.”

“दिसायला कशी आहे?”

“पाहिलेलं नाही.”

“राहते कुठे?”

“तेही गुप्त असतं.”

“वय?”

मामांनी थोडा विचार केला. “खोकतात तेव्हा आपल्याच वयाच्या वाटतात.”

ताईंनी भाजीचं ताट बाजूला सारलं. “म्हणजे नाव माहीत नाही, गाव माहीत नाही, तोंड पाहिलेलं नाही, आणि तू शर्टाला इस्त्री करतोस. मागे चांगली चालून आलेली स्थळं होती, तेव्हा तू म्हणालास नीट माहिती नाही.”

भाचीने शर्टाला इस्त्री केली.

अशी काही वर्षं गेली. दोघांनी एकमेकांना एकही गोष्ट सांगितली नाही, असं रेकॉर्ड सांगेल. तिची आई गेली तेव्हा ती म्हणाली, “बशीकडे आठवडाभर वारा पडलेला होता.” मामा म्हणाले, “कपला अंदाज आला होता.” तेवढ्यात चमचा मावळला.

छोटे उपग्रह फार जगत नाहीत. वरच्या विरळ हवेला घासत घासत ते हळूहळू खाली येतात आणि एक दिवस जळून जातात. चमच्याचे दिवस भरत आल्याचं सांगायला संचालकबाई स्वतः टेकडीवर आल्या. त्या चांगल्या बाई होत्या. वाईट बातमी उभ्याने सांगू नये म्हणून त्यांनी खुर्ची मागितली, आणि खोलीत एकच खुर्ची असल्यामुळे मामांनी ती उभ्याने ऐकली. पुढच्या उपग्रहांसाठी इमारतींच्या गच्च्यांवर छोट्या दुर्बिणी बसणार होत्या, आपणहून उघडणाऱ्या आणि मिटणाऱ्या. त्यांना झाकण काढायला माणूस लागणार नव्हता.

“तुमची व्यवस्था केली आहे,” बाई म्हणाल्या. “भांडार विभागात.”

“आणि दुसऱ्या केंद्रावरच्या माणसांची?”

“ते त्यांची संस्था बघेल. आपल्याला तर त्यांची नावंही माहीत नाहीत.” बाई समाधानाने म्हणाल्या, “तेच तर आपलं यश आहे.”

जाता जाता त्यांनी सांगितलं की शेवटच्या खेपेला कण भरपूर मिळाले तर अहवाल गोड होईल. मामा म्हणाले, प्रयत्न करतो.

रात्री जेवताना ताई म्हणाल्या, “सरळ विचार. म्हणावं, कुठे राहता?”

“लाइन रेकॉर्ड होते.”

“होऊ दे. भांडारात काय राज्य मिळणार आहे तुला? गेली नोकरी तर गेली.”

“त्यांचीही जाईल. निवृत्तिवेतनासकट.”

ताईंनी हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाल्या, “मग?”

“मग काही नाही.”

भाचीने त्यांच्या ताटात न विचारता आणखी भात वाढला. त्यांनी तो न बोलता खाल्ला. घरात सांत्वनाची हीच पद्धत होती.

शेवटची खेप आली ती अंधार लवकर पडण्याच्या दिवसांत. सकाळपासून मामा गच्चीवर तीनदा जाऊन आले. आकाश पुसून ठेवलेल्या काचेसारखं होतं. पश्चिमेला एक पांढरी रेघ दिसली तेव्हा त्यांना आशा वाटली, पण ते विमान निघालं. खाली आले तर खुंटीला इस्त्रीचा शर्ट.

“ढग नाहीत गं,” ते म्हणाले.

“असू दे,” भाची म्हणाली.

टेकडीवर पोचून त्यांनी झाकण काढलं, घुमट उघडला, पातळी पाहिली, आणि समोर ढगांचा नकाशा लावला. त्यांच्यापासून पूर्वेच्या समुद्रापर्यंत एक चिंधीसुद्धा नव्हती. म्हणजे काम होणार. ‘तयार’, ‘तयार’, ‘मिळाले’, ‘मिळाले’. आणि मग लाइन कायमची बंद. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना मोजणीच्या काठीसारखं वाटलं. सरळ उभं राहायचं आणि दुसऱ्याने लांबून पाहून निघून जायचं.

“नियंत्रण,” मुकादमाचा चोंदलेला आवाज आला. “कप?”

“कप तयार. आकाश स्वच्छ. वारा नाही. खूण एक, दोन, तीन स्पष्ट.”

“बशी?”

तिकडे किटलीची शिट्टी वाजली आणि कोणीतरी ती उतरवली.

“बशीकडे ढग,” ती म्हणाली.

मामांनी नकाशा पाहिला. पुन्हा पाहिला. त्यांच्या मनात पहिल्यांदा जे आलं ते त्यांच्या धंद्यातल्या कोणाच्याही मनात आलं असतं.

“बशी, झाकण काढलंत का?”

“झाकण जागेवर आहे,” बशी म्हणाली.

जन्म मोजणीत काढलेल्या माणसाला दोन ठिकाणांमधलं अंतर चटकन कळतं. दोन वाक्यांमधलं कळायला वेळ लागतो. मामांना लागला. कळलं तेव्हा त्यांनी ढगांचा नकाशा बंद केला.

“बशी, माझ्या नकाशावर ढग नाही,” मुकादम म्हणाला.

“स्थानिक आहे.”

“केवढा?”

“दुर्बिणीएवढा.”

चमचा तोवर क्षितिजावर आला होता. पडद्यावरचा ठिपका चढायला लागला होता. “कप,” मुकादमाने सावकाश विचारलं, “तुम्ही अनुभवी आहात. तुमच्या मते असा ढग असू शकतो?”

मामांनी उभ्या आयुष्यात एक खोटी मोजणी दिली नव्हती. एका सावकाराने बांध हातभर सरकवायला सांगितला तेव्हा त्यांची बदली झाली होती, पण बांध सरकला नव्हता. संचालकबाईंचा अहवाल त्यांना दिसत होता. समोर ठिपका चढत होता.

“असू शकतो,” ते म्हणाले. “मी स्वतः पाहिलाय. त्याला गोल कड असते.”

मुकादमाने नाक शिंकरलं. “नोंद घेतली. बशीकडे ढग, कपकडून दुजोरा. कण सोडणं रद्द. नियमाप्रमाणे लाइन चालू राहील.” मग जरा थांबून, “माझा कान दुखतोय. मी हे कानावरचं थोडा वेळ काढून ठेवतोय. रेकॉर्डिंग सुरू आहे, लक्षात असू द्या.”

मग लाइनीवर दोघंच उरले. इतक्या वर्षांचं बोलणं साठलं होतं आणि त्यातलं एकही चार विषयांत बसत नव्हतं.

“दृश्यमानता कळवते,” बशी म्हणाली.

“ढग असताना?”

“ढग वर आहे. समोर स्वच्छ आहे. लिहून नका घेऊ, ऐका. उंच चिमणी, लाल-पांढरे पट्टे. मधला पट्टा अर्धाच रंगवलेला आहे. रंगारी जो गेला तो आलाच नाही. चिमणीच्या अलीकडे, जरा डावीकडे, घड्याळाचा मनोरा. घड्याळ बंद आहे. हात लांब करून धरला तर दोघांच्या मध्ये एक बोट मावेल एवढीच फट. मनोऱ्याच्या बरोबर खाली धक्क्याच्या टोकावरचा हिरवा दिवा.”

“बशी, खुणा सांगायला मनाई आहे.”

“केंद्राच्या खुणा सांगायला मनाई आहे. त्या मी कधी सांगितल्या नाहीत, सांगणारही नाही. या माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतल्या आहेत. त्यांना क्रमांक नाहीत.”

खुर्ची करकरली नाही. ती स्थिर बसली होती.

“माझ्या खिडकीतून,” मामा म्हणाले, “समोरच्या गच्चीवरची पाण्याची टाकी दिसते. बाकी काही दिसत नाही.”

“पाण्याच्या टाक्या जगात पुष्कळ असतात, कप.”

“हो. त्यावरून ठिकाण निघणार नाही.” ते थांबले. “उपकरण जागेवरून हलवलं तर चालेल का?”

“उपकरणाच्या गुडघ्याला झेपेल?”

“शेक चालू आहे.”

मग चमचा दोघांच्याही डोक्यांवरून गेला. एकीकडे उघडी दुर्बीण, एकीकडे झाकलेली, आणि वरून एकही कण खाली आला नाही. मामांना तिचा श्वास ऐकू येत होता. तो त्यांनी जपून ऐकला.

“वेळ संपली,” मुकादम म्हणाला. त्याचा कान बहुधा बरा झाला होता. “कप, बशी, आभार. लाइन बंद करतोय.”

“बशी,” मामा घाईने म्हणाले, “खिडकी...”

“उघडी असते,” ती म्हणाली, आणि लाइन बंद झाली.

अहवालात शेवटची खेप ‘स्थानिक हवामानामुळे’ वाया गेल्याचं एक वाक्य आहे. चमचा काही दिवसांनी जळाला, कोणालाही न दिसता. मामा भांडारात रुजू झाले. तिथे त्यांच्या ताब्यात पंखे, पायपुसणी आणि दुर्बिणींची जुनी झाकणं होती.

आणि सुट्टीच्या दिवशी ते बंदरांना जायला लागले.

हे काम वाटतं तितकं वेडेपणाचं नव्हतं. दोन पक्क्या वस्तू एका रेषेत कशा दिसतात ते कळलं की पाहणारा कुठे उभा आहे ते काढता येतं. मोजणीतला हा पहिला धडा. भाचीने संगणकावर पट्टेरी चिमण्या शोधल्या. त्या इतक्या निघाल्या की ती म्हणाली, “मामा, जगात धूर फार आहे.” मग अंधार कुठे आधी पडतो, चमच्याचे कण टेकडीबरोबर एकाच वेळी आणखी कुठवर पडू शकले असते, यावरून तिने पुष्कळशा खोडल्या. ताई डबा बांधून द्यायच्या आणि दर वेळी विचारायच्या, “सापडली तर म्हणणार काय?”

“ते ठरवलेलं नाही.”

“जन्मभर ठरवलं नाहीस, आता तरी बसमध्ये ठरव.”

एका बंदरात चिमणी होती, मनोरा नव्हता. एका ठिकाणी दोन्ही होते, पण घड्याळ चालू होतं आणि वेळही बरोबर दाखवत होतं. चालणारं घड्याळ पाहून इतका खचलेला प्रवासी त्या गावाने आधी पाहिला नसावा. एका ठिकाणी सगळं जुळल्यासारखं वाटलं, तर दिवा लाल. मामा परत यायचे, गुडघ्याला शेक घ्यायचे, आणि आकाश भरून आलं की अजूनही उगाचच खिडकीशी जाऊन उभे राहायचे.

मग एका दुपारी ते एका बंदरावर उतरले. गाव काही खास नव्हतं. क्रेनी, मासळीचा वास, दोराची दुकानं. त्यांनी सवयीने मान वर केली. चिमणीचा मधला पट्टा अर्धाच रंगवलेला होता. अलीकडे मनोरा. घड्याळ बंद. ते तिथेच एका खांबाला धरून उभे राहिले. धक्क्याच्या टोकावरचा दिवा अजून लागला नव्हता, म्हणून त्यांनी तो लागेपर्यंत वाट पाहिली. हिरवा लागला.

मग त्यांनी उजवा हात लांब केला, एक डोळा मिटला आणि बोट उभं धरलं. चिमणी आणि मनोरा यांच्यामध्ये सगळा पंजा मावत होता. फट फार रुंद होती. मनोरा अलीकडे, चिमणी पलीकडे. म्हणजे आपण डावीकडे सरकायला हवं. ते डावीकडे चालायला लागले. रस्ता संपला तिथे पायऱ्या होत्या, पायऱ्यांच्या वर घरं, आणि घरांना खिडक्या. थोडं चढायचं, वळायचं, हात लांब करायचा. तीन बोटं. गुडघा कुरकुरत होता. त्यांनी त्याला जुमानलं नाही. वर कुठल्यातरी घरात किटलीने शिट्टी वाजवली. ते थबकले, पण पुढच्या घरातही वाजली, आणि त्याच्या पुढच्याही. त्या गावात सगळ्याच किटल्यांना शिट्टी होती.

दोन बोटं.

तिचं बोट किती जाड असेल, हात किती लांब असेल, हे त्यांना माहीत नव्हतं. त्यावर एक-दोन घरांचा फरक पडणार होता. मोजणीत एवढी चूक धरून चालावी लागते. हिरवा दिवा अजून मनोऱ्याच्या बरोबर खाली आला नव्हता.

पायरीवर चटई झटकत असलेल्या एका बाईने या इस्त्रीच्या शर्टातल्या, एक डोळा मिटून बोट वर केलेल्या गृहस्थाकडे जरा वेळ पाहिलं.

“काय शोधताय, काका? काही हरवलंय का?”

मामांनी हात खाली घेतला, श्वास घेतला आणि वरच्या वळणाकडे पाहिलं.

“नाही,” ते म्हणाले. “अजून थोडं डावीकडे आहे.”